गावाच्या वतीनं होकार

मास्तरणीला वर्षातून एकदा मे महिन्याची सुट्टी मिळते. त्या वर्षीची माझी सुट्टी गेली, आणि ती कशापायी गेली हे आठवलं की आज इतक्या वर्षांनीही माझं डोकं फिरतं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. निपाणीजवळच्या एका गावात लोकलबोर्डाच्या मुलींच्या शाळेत मी शिकवत होते. ट्रंक भरून झाली होती, काकतीला माहेरी आंबे पिकायला घातल्याचा निरोप आला होता, आणि तेवढ्यात शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांचा कागद आला. पुण्याच्या एका कॉलेजातले गृहस्थ तंबाखूत काम करणाऱ्या कुटुंबांची पाहणी करायला येत आहेत. बायकांशी बोलायला बाईमाणूस लागेल आणि काही घरांत कानडी लागेल, तेव्हा आपण त्यांना सहकार्य करावे.

यातल्या 'करावे'चा अर्थ लोकलबोर्डाच्या नोकरीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माझं कानडी चांगलं होतं हाच माझा गुन्हा. काकतीत आम्ही घरात मराठी बोलायचो आणि दारात कानडी, त्यामुळे दोन्ही भाषांत भांडण्याइतकी तयारी लहानपणीच झालेली. ट्रंक पुन्हा खाटेखाली सारली आणि पाहणीच्या कामाला मी 'राजी' झाले.

हा गृहस्थ उर्मट असता तर माझं काम सोपं होतं. चार शब्द सुनावले असते आणि सरळ मोटार धरली असती. पण माणूस सज्जन निघाला, आणि तीच मोठी पंचाईत झाली. पंचविशीचा, खादी घातलेला, उन्हानं डोळे लाल झालेले. कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला तर उभा राहून दोन्ही हातांनी घ्यायचा. गावकीची हलकी कामं करणाऱ्या तराळालाही अहोजाहो करायचा, मग तराळ मागं वळून बघायचा, कुणाशी बोलतायत म्हणून. त्याच्या प्राध्यापकांनी त्याला बजावून पाठवलं होतं की प्रत्येक माणसाला आधी सांगायचं, आपण कोण, कशाला आलो, या माहितीचं पुढे काय होणार. मग विचारायचं, सांगायला तुम्ही राजी आहात का. नको म्हणाला तर नमस्कार करून निघायचं, आग्रह करायचा नाही.

पहिल्या दिवशी त्यानं हे सगळं मला समजावून सांगितलं तेव्हा, खरं सांगते, माझा राग बराच उतरला. आमच्याकडे हातात कागद घेऊन येणारा माणूस एक तर मोजणीचा, नाहीतर पट्टीचा, नाहीतर जप्तीचा. तो येतो, विचारतो, आपण सांगतो आणि तो जातो. त्याला नाही म्हणता येतं हे आमच्या बापजाद्यांपैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. 'तुमची इच्छा असेल तर' असं म्हणणारा कागदवाला मी पहिल्यांदाच पाहत होते.

गावात शिरायचं तर आधी पाटलांना भेटणं भाग होतं. ते मीच त्याला सांगितलं, कारण पाटलांना टाळून कुणाच्या दारात गेलो असतो तर दुसऱ्या दिवशी कुणी दारच उघडलं नसतं. पाटील सोप्यात सुपारी कातरत बसले होते. याचं लांबलचक बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तंबाखूच्या धुळीत बायका दिवसदिवस काम करतात, त्यांचं खाणंपिणं काय, दुखणीखुपणी काय, घरात कोण कोण असतं, हे कळलं तर पुढे त्यांच्या भल्याचं काही करता येईल, असं त्यानं सांगितलं. शेवटी पाटलांनी सुपारी तोंडात टाकली.

"दिली परवानगी," ते म्हणाले.

"आभारी आहे. पण मला प्रत्येक घराची वेगळी परवानगी घ्यायची आहे," हा म्हणाला.

पाटील हसले. "घरं काय गावापेक्षा येगळी हायत व्हय, सायेब? मी व्हय म्हटलं म्हंजे गावानं म्हटलं."

पाटील जुलमी होते असं कुणी समजू नये. देवी टोचणारे आले, गुरांचे डॉक्टर आले, कुणीही आलं तरी गावाच्या वतीनं हो किंवा नको पाटलांनीच म्हणायचं, आणि नंतर काही बिघडलं तर शिव्याही त्यांनीच खायच्या, ही रीतच होती. गावाला त्यात अडचण वाटत नव्हती, उलट सोय वाटायची. परक्या माणसापुढे तोंड उघडायची जबाबदारी दुसऱ्या कुणी घेतली तर ती कुणाला नको असते? पण ही रीत आणि त्या प्राध्यापकांची शिकवण यांचं कसं जमायचं, ते मात्र कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं, पण मला कोण विचारतो.

संध्याकाळी सनदी, म्हणजे गावचा राखणदार शिपाई, हलगी वाजवत गल्लीतून फिरला. "ऐका हो ऐका! पुण्याचं सायेब आल्यात! उद्यापास्नं घरटी येतील. इचारतील त्ये खरं सांगायचं. कुणी लपवलं तर पाटलांशी गाठ हाय हो!"

मी कपाळावर हात मारून घेतला. याला मात्र दवंडी ऐकून फार बरं वाटलं. लोकांना आधी कळवलं गेलं, अचानक कुणाच्या दारात जावं लागणार नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, "अहो, दवंडीत काय सांगितलं ते ऐकलंत का?" तर म्हणे, "ती त्यांची बोलायची पद्धत असेल. मी प्रत्येकाला पुन्हा नीट विचारणारच आहे."

आणि खरंच विचारायचा, अगदी प्रत्येकाला. दारात उभा राहून, टोपी सारखी करून, पाठ केलेलं सगळं सांगायचा. मी ते गावच्या मराठीत, नाहीतर कानडीत सांगायची. 'संशोधन' या शब्दाला मी दोन्ही भाषांत हात टेकले. एका आप्पांनी काळजीनं विचारलं, "सायबाचं काय हरवलंय म्हणायचं?" शेवटी मी 'माहिती गोळा करायला आलेत' एवढ्यावर आणून ठेवलं. मग तो विचारायचा, "आपली काही हरकत नाही ना?"

"न्हाय की. हरकत कशाची?"

असं सगळेच म्हणायचे. म्हणतील नाहीतर काय करतील? पाटलांनी दिलेला सनदी काठी घेऊन आमच्या मागं उभा असायचा. मी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "साहेब, हे लोक तुम्हाला उत्तर देत नाहीत, त्या काठीला देतायत. त्याला घरी पाठवा." लगेच त्यानं सनद्याला हात जोडून, तुम्हाला उगाच उन्हात त्रास, असं म्हणून परत पाठवलं. पाटलांना राग आला. परक्या माणसाला गावात काही झालं तर आपल्या नावाला बट्टा लागेल, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवसापासून सनदी थोडं अंतर ठेवून येऊ लागला. आम्ही थांबलो की तोही एखाद्या लिंबाखाली थांबायचा आणि काठीवर हनुवटी टेकून आमच्याकडे बघत राहायचा. साहेबांचं समाधान झालं. मी बोलायचं सोडून दिलं.

दुसरी डोकेदुखी म्हणजे आमच्या गल्ल्या. एका माणसाला एकट्याला काही विचारायचं ही कल्पनाच तिथे नव्हती. एका घरापुढे घोंगडं अंथरलं की शेजारच्या चार घरांच्या बायका पोरं काखेत मारून हजर. विचारलेलं एकीला असायचं आणि उत्तर दुसरी द्यायची. साहेबांनी एका म्हातारीला विचारलं, मुलं किती झाली, किती राहिली. म्हातारी म्हणाली, तीन गेली. भिंतीला टेकलेली एक शेजारीण लगेच म्हणाली, "आगं आक्का, चार न्हवं का? प्लेगात शेतावर राहायला गेलता तवा झालतं ते?" म्हातारीनं पदर तोंडाशी धरला आणि मान खाली घातली. ते चौथं तिला आठवत नव्हतं असं नाही. ते तिला सांगायचं नव्हतं, इतकंच. साहेबांनी तीन खोडून चार लिहिलं.

परत येताना तो म्हणाला, "किती बरं झालं, नाही? शेजारी असले की चुका दुरुस्त होतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "तिची चूक नव्हती ती." तो चालता चालता थांबला, विचारात पडला आणि म्हणाला, "पण आकडा बरोबर असायला हवा ना, बाई?" त्यात कपट काही नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, ते मला कळेना.

आता जिच्यासाठी हे सगळं सांगते आहे तिच्याकडे येते. माझ्या खोलीसमोर, गल्लीच्या पलीकडच्या बाजूला एका बाईचं घर होतं. तिशीची असेल. तंबाखूच्या वखारीत चाळायच्या कामाला जायची. दिवेलागणीला नाकावरचा पदर सोडत, शिंकत, खोकत परत यायची आणि हातपाय धुऊन माझ्यासाठी ताकाचं भांडं घेऊन यायची. घर दोघा भावांचं. थोरला दीर आणि जाऊ अर्ध्या भागात, ही अर्ध्या भागात. शेतही तसंच, बांधाच्या अलीकडे-पलीकडे. हिचा नवरा धाकटा, मुंबईला गिरणीत होता.

म्हणजे मुंबईला गिरणीत होता असं ती सांगायची. मी गावात आले त्याच्याही आधीपासून तो आलेला नव्हता. दर दिवाळीला बायका तिला विचारायच्या, "आलं न्हाईत व्हय?" ती म्हणायची, "रजाच न्हाय मिळाली." मग विचारणारी म्हणायची, "व्हय बाई, गिरणीत कुठली रजा. शिमग्याला येतील." शिमगाही जायचा. त्यानं तिकडे दुसरं घर केलंय, पोरंबाळं आहेत, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मुंबईहून येणाऱ्या गावच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला माहीत होतं, तिच्या दिराला माहीत होतं, मला वर्षभरात कळलं. पण कुणी म्हणून कधी ते तोंडातून काढलं नव्हतं. पाणवठ्यावर नाही, वखारीत नाही, भांडणात एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरतानाही नाही.

बाहेरच्या माणसाला हा ढोंगीपणा वाटेल. मलाही सुरुवातीला वाटला होता. पण त्या न बोलण्यावर त्या बाईचं घर उभं होतं. नवरा गिरणीत आहे आणि आज ना उद्या येणार आहे, तोवर त्याच्या वाटणीचं घर ते त्याचं, त्याच्या वाटणीचं शेत त्याचं, आणि राखायला त्याची बायको बसलेली. दिरालाही हात लावता येत नव्हता. त्याची नजर त्या शेतावर नव्हती असं नाही, पण आपणच होऊन भावाचं उणं गावापुढं काढायचं तर आधी आपली शोभा होते, म्हणून तोही दिवाळीला विचारायचा, "काय गं, कळवलं न्हाय का त्येनं?" आणि ती म्हणायची, "न्हाय भावजी, रजा न्हाय." सगळं गाव मिळून तिचं हे एक खोटं सांभाळत होतं. त्या गावाबद्दल मला चांगलं म्हणावंसं वाटतं ते मुख्यतः यासाठी.

साहेबांना मी हे काही सांगितलं नाही. सांगायचा मला अधिकारच नव्हता. एवढंच म्हटलं, की समोरचं एक घर सोडलं तरी चालेल. तो म्हणाला, "सोडायचं कसं? ओळीनं प्रत्येक घर घ्यायचं असं ठरलेलं आहे. पण त्या नको म्हणाल्या तर मी आग्रह करणार नाही, हे मी तुम्हाला वचन देतो."

बाजारादिवशी वखार बंद असायची. त्या दिवशी सकाळी आम्ही तिच्या दारात गेलो. ती ज्वारी पाखडत होती. सूप बाजूला ठेवून, पदर सावरून उंबऱ्यात उभी राहिली. साहेबांनी पाठ केलेलं सांगितलं. मी मुद्दाम सावकाश, एकेक गोष्ट सोडवून तिला पुन्हा सांगितली. शेवटचं वाक्य, सांगायचं की नाही ते तुझ्या मनावर आहे, हे जरा मोठ्यानं सांगितलं.

ती ऐकत होती. मग तिनं त्याला न विचारता मला विचारलं.

"न्हाय म्हटलं तर काय करत्यात, बाई?"

इतक्या घरांत फिरलो होतो, पण हे एवढं साधं कुणीच विचारलं नव्हतं. साहेबांचा चेहरा उजळला. तो स्वतःच म्हणाला, "काही नाही, ताई. मी नमस्कार करीन आणि जाईन."

तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खरंच. काही होणार नाही. न्हाय म्हटलेलं चालतं."

"मग न्हाय," ती म्हणाली.

साहेबांनी हात जोडले, "बरं आहे, ताई," असं म्हणून तो वळला. बस्स. सनदी लिंबाखालून बघत होता, त्यालाही नक्की काय झालं ते कळलं नसावं. ती उंबऱ्यात तशीच उभी होती. मग चक्क हसली आणि सूप घेऊन पुन्हा पाखडायला बसली. मला इतका आनंद झाला की पुण्याच्या त्या न पाहिलेल्या प्राध्यापकांना मी मनातल्या मनात नमस्कार केला. एवढ्यासाठी गेली असेल सुट्टी तर गेली, असं मला वाटलं.

तो आनंद संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नाही.

काम संपत आलं होतं, म्हणून पाटलांनी साहेबांना दुपारच्या चहाला बोलावलं. मलाही जाणं भाग होतं. सोप्यात भावकीतली आठ-दहा माणसं बसलेली, त्यात तो थोरला दीरही होता. सनद्यानं आपलं काम चोख केलं होतं. सकाळची बातमी पाटलांपर्यंत आधीच पोचली होती.

"ऐकतो ते खरं काय, सायेब? माझ्या गावात तुमास्नी कुणी न्हाय म्हटलं?"

साहेब म्हणाला, "त्यात वावगं काही नाही. तो त्यांचा हक्क आहे."

"हक्क?" पाटलांचा कपबशीतला चहा हिंदकळला. "मी गावाच्या वतीनं तुमास्नी शब्द दिलाय. त्यातलं एक घर न्हाय म्हणत असंल तर माझ्या शब्दाला काय किंमत ऱ्हायली?" मग ते दिराकडे वळले. "काय रं, तुझ्याच घरातलं हाय न्हवं ते? तू घरातला कर्ता. तू सांग सायबास्नी काय पायजे ते."

मी लगेच म्हटलं, "साहेब, ती नाही म्हणालीय."

आणि इथं त्या सज्जन माणसानं जे केलं ते मी आजवर विसरलेली नाही.  त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. ओळीतलं एवढं एकच घर कोरं राहत होतं. मग तो मला म्हणाला, "बाई, त्यांनी स्वतः सांगायला नकार दिला, तो मी मान्य केला. मी त्यांना काही विचारत नाही. पण कुटुंबाची माहिती कुटुंबातल्या कुणीही दिली तर चालते. हे त्यांचे सख्खे दीर आहेत, आणि हे राजी असतील तर..." आणि दिराकडे वळून त्यानं तेच पाठ केलेलं पुन्हा सगळं सांगितलं. अगदी शेवटी विचारलं, "आपली काही हरकत नाही ना?"

"न्हाय," दीर म्हणाला.

मी म्हटलं, "अहो, हरकत त्याची असायचा प्रश्नच कुठं आहे? हे तिचं आहे." पाटील माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमी साळंचं बघा. ह्यो घरातला मामला हाय."

घरात किती माणसं, शेत किती, कोण कुठं कामाला जातं, हे झालं. मग साहेबांनी विचारलं, "धाकटे भाऊ काय करतात?"

दीर गुडघ्यावरची धूळ झटकू लागला. त्याच्या बाजूनं हेही सांगायला हवं, तो लगेच बोलला नाही.  मुंबईला गिरणीत आहे, एवढंच म्हणाला असता तर सगळं निभावलं असतं, आणि मला वाटतं तो तेच म्हणणार होता. पण साहेबांना आकडे बरोबर हवे असायचे. त्यानं विचारलं, "पगार घरी येतो का? शेवटचे कधी आले होते?"

 पाटील म्हणाले, "सांग की. खरं त्ये सांग."

"त्येचा पत्त्या न्हाय," दीर म्हणाला. "तिकडं दुसरं घर केलंय त्येनं. आता काय येत न्हाय."

त्या सोप्यात बसलेल्या एकूणएक माणसाला हे ठाऊक होतं. तरीही सगळे असे बसून राहिले, जणू आत्ताच कुणाच्या मरणाची बातमी आली आहे. एक म्हातारे उठून बाहेर पान थुंकायला गेले ते परत आले नाहीत. साहेब लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं दिराचे आभार मानले.

परतीच्या वाटेवर मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. वर्गातल्या पोरींनासुद्धा मी तसं कधी बोलले नव्हते. तो गोरामोरा झाला. म्हणाला, "बाई, तुम्ही निश्चिंत राहा. कुणाचंही नाव छापलं जाणार नाही. गावाचंही नाव येणार नाही. पुण्यात कुणालाही कळणार नाही की ही बाई कोण."

मी म्हटलं, "पुण्यात कळलं तर तिचं काय बिघडणार आहे? तिला लपायचं होतं ते पाटलांच्या सोप्यापासून."

ते त्याला कळलं की नाही, सांगता येत नाही. त्यानं मान हलवली खरी. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं तो गेला, जाताना माझ्या पाया पडला. आणि त्यानं आपला शब्दही पाळला असणार, नावं छापली नसणार. अशी माणसं शब्द पाळतात. तेच तर असह्य होतं.

पाऊसकाळ गेला. दसऱ्याच्या आधी मारुतीच्या देवळात भावकी बसली. दिराला तोंड वर करून बोलायची आता गरजच नव्हती. "गावापुढं बोललं गेलंय. मी कुठवर झाकू?" एवढंच तो म्हणाला. भाऊ येत नाही म्हटल्यावर त्याच्या वाटणीचं बघायचं कुणी, हा प्रश्न आपोआपच उभा राहिला, आणि त्याचं उत्तरही तिथंच बसलं होतं. शेत थोरल्यानं कसायचं. घराचा पुढचा भाग आणि चूल थोरल्याकडे. तिला परड्यात गोठ्याला लागून असलेली खोली आणि वर्षाचं धान्य, नाहीतर माहेर. मी देवळाच्या पायरीपर्यंत गेले होते. "ही तर साहेबाला नाही म्हणाली होती," असं मी ओरडून सांगितलं. सगळ्यांनी आदरानं ऐकून घेतलं. बाई शिकलेल्या आहेत, तावातावानं बोलतात, असं त्यांचं माझ्याबद्दल मत होतंच.

त्या दिवाळीला तिला कुणी विचारलं नाही. आलं न्हाईत व्हय, रजा न्हाय मिळाली व्हय, काही नाही. पाणवठ्यावर बायका तिला आधी घागर भरू द्यायच्या, आजारी माणसाला देतात तशी. मी खिडकीतून बघायची आणि माझा जीव नुसता चरफडायचा.

दिवाळी झाल्यावर ती माहेरी जायला निघाली. माहेर बेळगावकडचं, उचगावचं. भावाचं घर होतं, भावजय कशी वागवील याची खात्री नव्हती. गाठोडं माझ्या उंबऱ्यावर ठेवून ती टेकली. मी चहा केला. तिनं अर्धा प्याला आणि कप खाली ठेवला.

"बाई, त्या सायबास्नी न्हाय म्हटलेलं चालतंय, असं तुमीच सांगितलासा न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं.

"आनि मी न्हाय म्हटलं."

"म्हटलंस."

"मग माझ्या दारातनं उठून त्यो माझ्या दिराजवळ का बसला?"

 कुटुंबाची माहिती कुटुंबातलं कुणीही देऊ शकतं, हे तिला कुठल्या भाषेत सांगायचं होतं? मी नुसतीच चडफडत बसले. पाटलांवर, त्या पोरावर, त्याच्या प्राध्यापकांवर, दिपोटींवर, सगळ्यांवर. ती मात्र रागावलेली नव्हती. बराच विचार करून ठेवल्यासारखं ती शांतपणे बोलली.

"व्हय म्हटलं असतं तर बरं झालं असतं, बाई," ती म्हणाली आणि गाठोडं उचललं. "माझं खोटं माझ्या तोंडानं तरी सांगितलं असतं."